राज्यसभेची निवडणूक कशी वाचावी: जागा, मतदार, कोटा आणि पसंतीक्रम

राज्यसभेच्या निवडणुकीची बातमी वाचताना ‘विजयासाठी ४१.१५ मतांचा कोटा’ असे वाक्य आले की नवा वाचक तिथेच थबकतो, कारण आमदार पूर्णांकातच असतात आणि त्यांच्या मताचे पंधरा शतांश कुठून आले, हे बातमीत सहसा सांगितलेले नसते. पुढे ‘पहिल्या पसंतीची मते’, ‘अतिरिक्त मते’, ‘दुसऱ्या पसंतीवर विजय’ असे शब्द येतात आणि ही निवडणूक म्हणजे केवळ पडद्यामागच्या खेळ्यांचा मामला आहे, असा समज पक्का होतो. खेळ्या असतात, हे खरेच. परंतु त्या ज्या पटावर खेळल्या जातात तो पट साध्या बेरीज-भागाकाराचा आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास कोणालाही तो स्वतः मांडून पाहता येतो. या लेखात तो पायरीपायरीने मांडला आहे. उदाहरणासाठी मुख्यतः महाराष्ट्रातील जून २०२२ ची निवडणूक घेतली आहे, कारण या पद्धतीतले जवळजवळ सगळे बारकावे त्या एका निवडणुकीत पाहायला मिळतात.

पहिली पायरी: सभागृहात किती जागा आणि त्या कोणाच्या

संविधानाच्या अनुच्छेद ८० नुसार राज्यसभेत जास्तीत जास्त २५० सदस्य असू शकतात. त्यांपैकी २३८ पर्यंत सदस्य राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांचे प्रतिनिधी असतात आणि १२ सदस्य राष्ट्रपती नियुक्त करतात. प्रत्यक्षात आज सभागृहाची संख्या २४५ आहे: निवडून येणारे २३३ आणि नियुक्त १२. कोणत्या राज्याला किती जागा, हे संविधानाच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलेले आहे. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, तमिळनाडूला १८, बिहार आणि पश्चिम बंगालला प्रत्येकी १६, कर्नाटकाला १२, गुजरात आणि मध्य प्रदेशाला प्रत्येकी ११, तर गोव्याला १. केंद्रशासित प्रदेशांपैकी दिल्लीला ३, पुदुच्चेरीला १ आणि जम्मू-काश्मीरला ४ जागा आहेत. लडाख, चंडीगड, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांना राज्यसभेत प्रतिनिधित्वच नाही.

अमेरिकेच्या सेनेटशी राज्यसभेची तुलना नेहमी होते, आणि नवख्या वाचकाची पहिली गफलत तिथेच होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया असो की वायोमिंग, प्रत्येक राज्याला दोनच सेनेटर मिळतात आणि १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून त्यांना जनता थेट निवडते. भारताने या दोन्ही गोष्टी स्वीकारल्या नाहीत. आपल्याकडे जागा लोकसंख्येकडे पाहून वाटल्या गेल्या, परंतु सरळ प्रमाणात नव्हे: पहिल्या ५० लाख लोकसंख्येपर्यंत दर १० लाखांमागे एक जागा आणि त्यापुढे दर २० लाखांमागे एक, असे सूत्र वापरले गेले, जेणेकरून लहान राज्यांना थोडे झुकते माप मिळावे. तरीही उत्तर प्रदेश ३१ आणि गोवा १ हे अंतर उरतेच. राज्यसभेला ‘राज्यांचे सभागृह’ म्हणताना हे अंतर लक्षात ठेवावे. माझ्या मते ते नाव अर्धेच खरे आहे.

दुसरी पायरी: या वेळी किती जागांसाठी मतदान आहे

महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत म्हणून एकाच वेळी १९ जागांची निवडणूक कधीच होत नाही. राज्यसभा हे कायमस्वरूपी सभागृह आहे; लोकसभेसारखे ते विसर्जित होत नाही. अनुच्छेद ८३ प्रमाणे दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. ३ एप्रिल १९५२ रोजी सभागृह स्थापन झाले आणि १३ मे १९५२ रोजी त्याची पहिली बैठक भरली, तेव्हा सगळेच सदस्य एकाच वेळी आले होते. म्हणून सुरुवातीला काहींची मुदत दोन वर्षे, काहींची चार आणि उरलेल्यांची सहा वर्षे ठरवून हे चक्र सुरू करावे लागले. ‘राज्यसभा’ हे नावही त्यानंतर, ऑगस्ट १९५४ मध्ये आले.

महाराष्ट्राच्या १९ जागा या चक्रात ७, ६ आणि ६ अशा विभागल्या गेल्या आहेत. २०२० मध्ये सात जागा भरल्या गेल्या, २०२२ मध्ये सहा आणि २०२४ मध्ये सहा. बातमी वाचताना सर्वप्रथम हा आकडा शोधावा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे: सात जागांच्या फेरीत कोटा खाली येतो आणि लहान पक्षाला वाव मिळतो, सहा जागांच्या फेरीत तो वर जातो.

मधल्या काळात एखादी जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते आणि निवडून आलेल्या सदस्याला आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते. पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले हे दोघे राज्यसभा सदस्य जून २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि कायद्यानुसार त्यांच्या राज्यसभेच्या जागा आपोआप रिकाम्या झाल्या. इथे एक बारकावा आहे. वेगवेगळ्या मुदतींच्या दोन जागांसाठी स्वतंत्र अधिसूचना निघाल्या, तर त्या दोन वेगवेगळ्या निवडणुका मानल्या जातात आणि प्रत्येक निवडणुकीत विधानसभेतील बहुमताचा पक्ष आपला उमेदवार निवडून आणू शकतो. त्याच दोन जागांसाठी एकत्र मतदान झाले असते, तर एक जागा विरोधकांना मिळण्याची शक्यता असते. २०१९ मध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर गेल्याने गुजरातेत रिकाम्या झालेल्या दोन जागांवरून नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तिसरी पायरी: मतदार कोण

राज्यसभेच्या निवडणुकीत सामान्य नागरिक मत देत नाही, खासदार देत नाही, नगरसेवक देत नाही आणि विधान परिषदेचा आमदारही देत नाही. केवळ विधानसभेचे निवडून आलेले सदस्य मत देतात. महाराष्ट्रात ही संख्या २८८ आहे, गोव्यात ४०. विधान परिषदेचे सदस्यही ‘आमदार’च म्हणवले जात असल्याने आपल्याकडे या बाबतीत हमखास गोंधळ होतो, त्यामुळे यादी पाहताना विधानसभेचीच पाहावी.

यादीतल्या संख्येतून काय वजा करायचे, हे त्यानंतर पाहावे. एखाद्या सदस्याचे निधन झाले असेल आणि पोटनिवडणूक बाकी असेल, तर एक मत कमी. तुरुंगात असलेल्या व्यक्तीला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मुळे मतदान करता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्तीला मात्र करता येते. जून २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची एक जागा सदस्याच्या निधनामुळे रिकामी होती, म्हणून २८७ उरले. अनिल देशमुख आणि नवाब मलिक हे दोन आमदार कोठडीत होते आणि न्यायालयाने त्यांना मतदानाची मुभा दिली नाही, म्हणून २८५ जणांनी मतदान केले. त्यांपैकी एक मत बाद ठरले आणि वैध मते उरली २८४.

विधानसभाच अस्तित्वात नसेल तर मतदारच उरत नाहीत. जम्मू-काश्मीरच्या चारही जागा फेब्रुवारी २०२१ मध्ये रिकाम्या झाल्या आणि तेथे विधानसभा निवडून येऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

चौथी पायरी: उमेदवार

उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय किमान ३० वर्षे असावे आणि देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे. ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २००३ पर्यंत ज्या राज्यातून उभे राहायचे त्याच राज्याचा मतदार असणे बंधनकारक होते. २००३ च्या दुरुस्तीने ती अट काढली आणि २००६ मध्ये कुलदीप नायर यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. उत्तर प्रदेशातील इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून राज्यसभेवर जाऊ शकले ते यामुळेच. या दुरुस्तीने सभागृहाच्या मूळ कल्पनेला धक्का बसला असे मला वाटते, परंतु कायदा आज हाच आहे.

उमेदवारी अर्जावर विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांपैकी दहा टक्के किंवा दहा सदस्य, यांतली जी संख्या कमी असेल तितक्या सदस्यांच्या सूचक म्हणून सह्या लागतात. महाराष्ट्रात म्हणजे १०, गोव्यात ४. अनामत रक्कम १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ५,०००. अर्ज भरणे, छाननी आणि माघार असे टप्पे होतात. माघारीच्या मुदतीनंतर जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले, तर सगळे बिनविरोध निवडून आल्याचे घोषित होते आणि मतदानच होत नाही. महाराष्ट्रात बहुतेक वेळा असेच घडते. २०२० च्या सात आणि २०२४ च्या सहा जागा बिनविरोधच भरल्या गेल्या. २०२२ मध्ये सहा जागांसाठी सात उमेदवार उरले आणि कोणीच माघार घेतली नाही, म्हणून पुढचे सगळे नाट्य घडले.

पाचवी पायरी: कोटा

आता कागद घ्यावा. राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वानुसार एकल संक्रमणीय मताने होते. नाव बोजड असले तरी अर्थ सोपा आहे: मतदाराला मत एकच, पण त्या मताचा जो भाग त्याच्या पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला लागला नाही तो पुढच्या पसंतीकडे सरकतो. भाग सरकवायचे म्हणजे अपूर्णांक येणार. ते टाळण्यासाठी एकापेक्षा जास्त जागांच्या निवडणुकीत प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. (गोव्यासारखी एकच जागा असेल तर मूल्य १ धरले जाते.)

सूत्र असे: वैध मतपत्रिकांच्या एकूण मूल्याला ‘जागा अधिक एक’ या संख्येने भागावे, अपूर्णांक सोडून द्यावा आणि उत्तरात एक मिळवावा. २८४ वैध मते म्हणजे मूल्य २८,४००. जागा ६, म्हणून ७ ने भागले की ४,०५७ येतात. एक मिळवला की ४,०५८. हा कोटा. शंभराने भागून बातमीत तोच ‘४०.५८ मते’ असा येतो. सगळे २८८ सदस्य मतदान करतील आणि सगळी मते वैध ठरतील असे धरले, तर सहा जागांसाठी कोटा ४,११५ होतो. सुरुवातीच्या वाक्यातले ४१.१५ ते हेच. सात जागा असतील तर २८,८०० ला ८ ने भागून ३,६०० आणि एक मिळवून ३,६०१, म्हणजे उमेदवारामागे ३७ आमदार. गोव्यात ४० मतांना २ ने भागून २० आणि एक मिळवून २१, म्हणजे साधे बहुमत. एका जागेच्या राज्यात प्रमाणशीर प्रतिनिधित्व नावापुरतेच उरते, ते यामुळे.

‘जागा अधिक एक’ ने का भागायचे, असा प्रश्न नवा वाचक हमखास विचारतो. कोटा असा असावा लागतो की तो गाठणारे उमेदवार जागांइतकेच निघू शकतील, एकानेही जास्त नाही. ४,०५८ ची सात पट २८,४०६ होते आणि एकूण मूल्य २८,४०० च आहे. म्हणजे सातवा उमेदवार कोटा गाठूच शकत नाही. यापेक्षा एकाने कमी कोटा धरला असता, तर ४,०५७ ची सात पट २८,३९९ होऊन सातही जण निवडून येण्याची आपत्ती ओढवली असती.

सहावी पायरी: मतपत्रिका आणि ती दाखवण्याचा नियम

मतदान विधान भवनात होते. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे मतदाराने १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. आकडे देवनागरीत लिहिले तरी चालतात, शब्दांत लिहिलेले चालत नाहीत. ‘१’ लिहिणे अनिवार्य आहे. पुढचे आकडे ऐच्छिक आहेत. ‘१’ दोन नावांपुढे लिहिला, किंवा मतदाराची ओळख पटेल अशी खूण केली, किंवा निवडणूक आयोगाने दिलेल्या पेनाऐवजी दुसरेच पेन वापरले, तर मत बाद. पेनाची ही अट उगाच नाही: २०१६ मध्ये हरियाणात वेगळ्या पेनाच्या शाईमुळे अनेक मते बाद ठरली आणि निकालच फिरला, तेव्हापासून आयोग जांभळ्या शाईचे पेन स्वतः पुरवतो. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय या निवडणुकीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो काढून टाकला.

या निवडणुकीची सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे २००३ पासून हे मतदान गुप्त नाही. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवलीच पाहिजे. त्या प्रतिनिधीखेरीज कोणालाही दाखवली, तरी मत बाद होते. अपक्ष आमदाराने तर ती कोणालाच दाखवायची नसते. पैशाच्या जोरावर मते फुटतात, म्हणून हा बदल केला गेला. गुजरातेत ऑगस्ट २०१७ मध्ये काँग्रेसच्या दोन आमदारांनी मतपत्रिका नको त्या व्यक्तीला दाखवली म्हणून त्यांची मते आयोगाने बाद केली, १७४ वैध मतांवर कोटा ४,३५१ झाला आणि अहमद पटेल ४४ मतांवर निवडून आले. ती दोन मते वैध राहिली असती, तर कोटा ४,४०१ झाला असता आणि ४४ मते पुरी पडली नसती.

महाराष्ट्रात १० जून २०२२ रोजीही दोन्ही बाजूंनी अशाच तक्रारी केल्या. मतमोजणी अडली, आयोगाने चित्रफिती तपासल्या, शिवसेनेच्या एका आमदाराचे मत बाद ठरवले आणि निकाल हाती आला तो दुसऱ्या दिवशी पहाटे.

मत उघड असले तरी पक्षाविरुद्ध मत दिल्याने आमदारकी जाते का? नाही. या मतदानाला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची लागू होत नाही. पक्ष त्या आमदारावर शिस्तभंगाची कारवाई करू शकतो, पण त्याचे मत वैधच राहते. लाच घेऊन मत दिले तर मात्र विधिमंडळाच्या विशेषाधिकाराची ढाल पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये सांगितले आणि राज्यसभेचे मतदानही त्यात स्पष्टपणे धरले.

सातवी पायरी: मोजणी

जून २०२२ ची पहिल्या पसंतीची मते अशी होती. भाजपचे पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८ आणि धनंजय महाडिक २७. काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी ४४. राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल ४३. शिवसेनेचे संजय राऊत ४१ आणि संजय पवार ३३. बेरीज २८४.

कोटा ४०.५८ असल्याने ४१ किंवा त्याहून अधिक मते असलेले पाच जण लगेच निवडून आले. उरली एक जागा आणि दोन उमेदवार: पवार ३३ मतांवर, महाडिक २७ वर. आपल्या नेहमीच्या निवडणुकीत इथे पवार जिंकले असते. परंतु निवडून आलेल्यांकडे कोट्यापेक्षा जे जास्त आहे ते वाया जात नाही. ते त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीकडे जाते. गोयल यांचे मूल्य ४,८००, कोटा ४,०५८, म्हणून शिल्लक ७४२. बोंडे यांचेही ७४२. ही शिल्लक वाटताना ४८ मतपत्रिकांवर विभागतात: ७४२ भागिले ४८ म्हणजे पत्रिकेमागे १५, आणि उरलेला अपूर्णांक सोडून देतात. सर्व पत्रिकांवर दुसरी पसंती महाडिक होती असे धरले, तर प्रत्येक गठ्ठ्यातून ७२०, असे १,४४० मिळून महाडिकांचे २,७०० वरून ४,१४० होतात आणि कोटा पार होतो. दुसरीकडे पवारांना राऊत यांची ४२, प्रतापगढी यांची ३४२ आणि पटेल यांची २४२, ही सगळी शिल्लक एका कणाचीही घट न होता मिळाली, तरी ३,३०० चे ३,९२६ च होतात. महाडिक निवडून आले.

शिल्लक वाटूनही जागा उरली, तर सर्वांत कमी मूल्य असलेल्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटतात; तिथे पहिल्या पसंतीच्या पत्रिका पूर्ण शंभराच्या मूल्याने जातात. मूल्य समसमान झाले आणि आधीच्या मोजणीवरूनही निवाडा होईना, तर चिठ्ठी टाकतात. या चिठ्ठीचा नियम उलटा आहे: जिचे नाव निघते ती व्यक्ती हरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात ३४ विरुद्ध ३४ अशी मते पडली, चिठ्ठी निघाली आणि हर्ष महाजन निवडून आले ते दुसऱ्याचे, अभिषेक मनु सिंघवी यांचे नाव निघाल्यामुळे.

आठवी पायरी: सगळा हिशोब एका ओळीत

एवढे समजल्यावर एक जवळचा रस्ता सापडतो, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही ठेवावी. कोणत्या उमेदवाराला किती मते पडली हे जवळपास गौण असते. एका गटाची एकूण मते कोट्याच्या किती पटीत आहेत, हेच पाहायचे असते. भाजपच्या तिघांची मिळून १२३ मते होती, आणि तीन कोटे म्हणजे १२१.७४. महाविकास आघाडीच्या (शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या) चौघांची १६१ होती, आणि चार कोटे म्हणजे १६२.३२. त्या रात्रीची सगळी कहाणी या चार आकड्यांत आहे. भाजपचे स्वतःचे आमदार १०६ होते. म्हणजे बाहेरची १७ मते आली, आणि त्यांतली दोन जरी दुसरीकडे गेली असती तरी चित्र बदलले असते.

वाचकाने आणखी एक गणित करून पाहावे. बाद ठरलेले एक मत आणि कोठडीतील दोघांची मते, अशी तिन्ही मते आघाडीला मिळाली असती असे धरू. वैध मते २८७, कोटा ४,१०१. भाजपला तीन कोट्यांसाठी १२,३०३ हवे होते आणि हाती १२,३००; आघाडीला चार कोट्यांसाठी १६,४०४ हवे होते आणि हाती १६,४००. दोन्ही बाजू कोट्याला मुकल्या असत्या आणि अपूर्णांक न सोडता मोजल्यास शेवटच्या जागेसाठी ४,०९८ विरुद्ध ४,०९७ असा सामना झाला असता. पत्रिकेमागे सोडून दिल्या जाणाऱ्या अपूर्णांकांनी मग निवाडा केला असता.

हीच ओळ आजच्या विधानसभेला लावून पाहता येते. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी काँग्रेस ४१ असे सत्ताधारी तीन पक्षांचे २३० आमदार आले. विरोधातील शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) १०, एकूण ४६. सात जागांच्या फेरीत ३७ चा कोटा असो की सहा जागांच्या फेरीत ४२ चा, या तिघांपैकी एकालाही तो स्वतःच्या बळावर गाठता येत नाही. तिघे एकत्र राहिले तर नेमकी एक जागा पदरात पडते. ती कोणी घ्यायची, हा वाद गणितात सुटणारा नाही.

निवडून न येणारे सदस्य, आणि अध्यक्षपद

नियुक्त १२ सदस्य साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांतून घेतले जातात. राष्ट्रपती ही नियुक्ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात, हे मात्र विसरू नये. मराठी वाचकाला या यादीत ओळखीची नावे भेटतात: धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे, नाटककार मामा वरेरकर, लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर. नियुक्त सदस्य विधेयकांवर मत देतात आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीतही मत देतात; राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र त्यांना मत नसते. शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते एखाद्या पक्षात जाऊ शकतात. त्यानंतर गेल्यास सदस्यत्व गमावतात.

उपराष्ट्रपती हे सभागृहाचे पदसिद्ध सभापती असतात आणि ते राज्यसभेचे सदस्य नसतात. समसमान मते पडली तरच त्यांना निर्णायक मत असते. उपसभापती मात्र सदस्यांतून निवडले जातात. रिपब्लिकन पक्षाचे बी. डी. खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात आणि पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील १९८६ ते १९८८ या काळात या पदावर होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ ची मुंबईतील लोकसभा निवडणूक हरल्यानंतर मुंबई राज्यातून याच सभागृहात आले आणि १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते.

निवडून आल्याचे प्रमाणपत्र मिळाले तरी शपथ घेतल्याशिवाय सदस्याला सभागृहात बसता येत नाही आणि मतही देता येत नाही. शपथेपूर्वी जो बसेल त्याला अनुच्छेद १०४ नुसार दिवसाला ५०० रुपये दंड आहे. शपथ मराठीतही घेता येते. सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह त्याची जागा रिकामी घोषित करू शकते, आणि मग पुन्हा दुसऱ्या पायरीपासून सुरुवात.